पौर्णिमेला तारे बघायला

डोळ्यांच्या डॉक्टरांनी विचारलं, "रात्री आकाशात तारे दिसतात का तुम्हाला?"

"डॉक्टर, मी डोंबिवलीत राहते," मी म्हटलं.

ते हसले. मी हसले. शेजारच्या खुर्चीवर बसलेला माझा नवराही हसला. मग डॉक्टर हसायचे थांबले आणि म्हणाले, "नाही, मी खरंच विचारतोय."

ठाण्याच्या त्या दवाखान्यात मी गेले होते चष्म्याचा नंबर बदलून घ्यायला. संध्याकाळी जिना उतरताना पाय चुकायचा, बाजूनं कुणी आलं की दचकायला व्हायचं, आणि टेबलाच्या कडेचा ग्लास माझ्या कोपरानं हमखास पडायचा. घरात मी धांदरट म्हणून प्रसिद्ध होते आणि ते मी मान्यही करून टाकलं होतं. डॉक्टरांनी वेगळंच सांगितलं. डोळ्याच्या आतला पडदा कडेकडेनं निकामी होत चाललाय. समोरचं दिसत राहील, बाजूचं कमी होत जाईल, आणि अंधारातलं सगळ्यात आधी जाईल. किती वेगानं, ते सांगता येत नाही. औषध नाही. "शहरातल्या पेशंटना रात्रीचं गेलेलं लवकर कळतच नाही," ते म्हणाले. "उजेडच एवढा असतो."

आमच्या गॅलरीतून रात्री काय दिसतं, तर समोरच्या बिल्डिंगचे बाथरूमचे दिवे, तिच्या मागे उठत असलेल्या टॉवरच्या क्रेनचा लाल दिवा, आणि त्या सगळ्यावर एक पिवळट, गढूळ आभाळ. तारे नव्हतेच, मग गेले कधी ते कळणार कसं?

परतताना गाडीत मी नवऱ्याला दोन गोष्टी सांगितल्या. एक, आईंना यातलं काही सांगायचं नाही. दोन, मला खरा अंधार असेल तिथे घेऊन चल. माझे तारे किती राहिलेत ते मला बघायचंय. असतील तर जायच्या आत डोळे भरून बघून घेईन. नसतील, तर नाहीत हे मला माझं कळू दे. त्यानं दोन्हीला हो म्हटलं. तो कशालाही हो म्हणतो.

सासूबाईंना न सांगण्याला कारण होतं. त्या दुष्ट असत्या तर सोपं झालं असतं. त्यांची माया अंगावर येते. घरात ज्याला काही होतं, त्याचा त्या ताबा घेतात. सासऱ्यांचं बायपास होऊन जमाना झाला, पण अजून त्यांना ताटात स्वतःच्या हातानं मीठ वाढून घ्यायची परवानगी नाही. सासरे हसून खातात. मला तसं हसून खाता आलं नसतं.

आणि नेमकं त्याच सुमारास घर बदलायला लागलं. पॅसेजमधला साधा दिवा जाऊन तिथे मोठी ट्यूब आली. हॉलमधला टीपॉय एका दुपारी भंगारवाल्याला देऊन टाकला. "माझे गुडघे लागतात त्याला," असं सासूबाई म्हणाल्या. दाराशी चपला पसरलेल्या असायच्या, त्या कपाटात जाऊ लागल्या. मी संध्याकाळी भाजीला निघाले की बहात्तर वर्षांच्या सासूबाई माझ्या हातातली पिशवी काढून घ्यायच्या. "दिवेलागणीला कुठे निघालीस? मी आणते." मी बाळकुमच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. दहावीच्या मुलांसाठी संध्याकाळचा जादा तास घ्यायचे, त्यावरूनही रोज टोमणे सुरू झाले. इतका उशीर कशाला, दुसरं कुणी नाही का शाळेत, बसला गर्दी असते. मला वाटलं, म्हातारपणी माणूस हुकूमशहा होतो म्हणतात ते हेच असणार. एकदा मी चिडून म्हटलं, "आई, मी काय कैदी आहे का?"

"कैदी कसली? जेवून घे आधी, पोळी गार होतेय," त्या म्हणाल्या.

आत मला दुसरीच भीती होती. बाजूचं दिसणं कमी होत जाणार, म्हणजे जग दोन्हीकडून आत सरकत येणार. आणि इकडे घरही सरकत येत होतं. कधी कधी रात्री नवरा शेजारी शांत झोपलेला असायचा आणि माझा जीव गुदमरायचा.

तारे बघायला आम्ही आधी मुरबाडच्या पुढे एका रिसॉर्टवर गेलो. तिथे डीजे होता, आणि झाडाझाडाला हिरवे-निळे दिवे. मग नवऱ्यानं कच्छच्या रणाचा शोध लावला. मिठाचं वाळवंट, कोरडी हवा, मैलोन् मैल दिवा नाही. दिवाळीनंतर शाळेतून रजा मिळणार होती. मी देवदिवाळीच्या आधीची अमावस्या धरली आणि रात्री जेवताना विषय काढला.

"आम्हीही येतो," सासूबाई लगेच म्हणाल्या. "रण आम्ही तरी कुठे बघितलंय?" आणि पुढच्याच घासाला, "पण अमावस्येला घर सोडायचं नाही हं."

मी बघतच राहिले. या बाई ठाण्याला बँकेत नोकरी करत होत्या, आणि अमावस्या आहे म्हणून त्यांनी कधी रजा टाकल्याचं कुणाला आठवत नाही. ग्रहणात शेजारी दारं लावून बसले असताना यांनी आम्हाला बटाटेवडे तळून घातले होते. भिंतीवरच्या कॅलेंडरचा उपयोग त्यांना दुधाचे खाडे लिहिण्यापुरता. आणि आता अमावस्या?

"तुमचा कधीपासून विश्वास बसला यावर?" मी विचारलं.

"वय झालं की बसतो," त्या म्हणाल्या.

सासऱ्यांनी त्रिपुरी पौर्णिमा सुचवली. रण पौर्णिमेलाच बघतात, त्यांच्या हास्यक्लबातले सगळे पौर्णिमेलाच गेले होते. नवऱ्यानं रणात राहायला तंबू देणाऱ्याला फोन लावला, तर तोही म्हणाला, "पूनम को आओ साहब, असली मजा तो पूनम में है." मी शिकवायला लागले. पौर्णिमेला चंद्राच्या उजेडात तारे बुडतात, तिथे मिठावर तर तो उजेड दुप्पट होणार, हे सातवीतल्या मुलांनाही कळतं. तारे बघायला पौर्णिमेला जाणं म्हणजे झोपायला बँडवाल्याच्या घरी जाणं. "दिसतील तेवढे बघ की," सासूबाई म्हणाल्या. मी नवऱ्याकडे बघितलं. तो दहीभातातली मिरची फार काळजीपूर्वक बाजूला काढत होता. दुसऱ्या दिवशी पौर्णिमेचं बुकिंग झालं.

पहाटे निघालो आणि घोडबंदर रोडला अडकलो. गायमुखच्या चढावर एक कंटेनर बंद पडला होता, आणि त्याच्या मागे आख्खा ठाणे जिल्हा उभा होता. "मी म्हणालो होतो, चिंचोटीनं जा," असं सासरे थोड्या थोड्या वेळानं म्हणत होते. पुढे नवरा आणि ते, मागे मी आणि सासूबाई, आमच्या मध्ये चकलीचा डबा, पायाशी पाण्याचे कॅन. काच खाली केली तर डिझेलचा धूर, वर केली तर सासऱ्यांच्या बामचा वास. वाळवंट बघायला निघालेल्या माणसाला इंचभर हलता येत नव्हतं. मला हसूही येत होतं आणि रडूही.

मनोरच्या पुढे चहाला थांबलो तेव्हा माझ्या बाजूचं दार उघडेना. मी हिसके दिले, खांदा लावला. नवरा धावत वळसा घालून आला आणि बाहेरून उघडलं. "लॉक बिघडलंय गं. सर्व्हिसिंगला दिलेली ना, तेव्हाच सांगायला हवं होतं," तो म्हणाला. सासूबाईंच्या बाजूचं दार मात्र ठीक होतं. तिथून अहमदाबादपर्यंत आणि दुसऱ्या दिवशी अहमदाबादहून रणापर्यंत, प्रत्येक ढाब्यावर, प्रत्येक पेट्रोल पंपावर, मी आत बसून राहायचे आणि कुणीतरी येऊन मला बाहेर काढायचं.

रण मात्र मला आवडलं, ते खोटं का सांगू? सरळ रस्ता, दोन्ही बाजूंना काहीच नाही. झाड नाही, टपरी नाही, अंगावर येणारी रिक्षा नाही. जिथे बाजूला काही नसतंच, तिथे बाजूचं न दिसणं कळत नाही. कितीतरी महिन्यांनी मी इतरांइतकंच बघत होते.

तंबूवर सामान टाकल्याबरोबर सासूबाईंनी पर्समधून पणती काढली, त्रिपुरी पौर्णिमेची वात लावली, आणि मग आम्ही पांढऱ्या मिठावर चालत गेलो. तिथे जत्रा होती. उंटगाड्या, स्पीकरवर गरबा, आणि प्रत्येकाच्या हातात वर धरलेला मोबाईल. चंद्र आला आणि खालचं सगळं पांढरं झालं. मी कुणाचाही हात न धरता चालत होते. पायाखालचं मीठ दिसत होतं, माझी सावली दिसत होती. वर बघितलं तर उजेड. नुसता धुतलेला, रिकामा उजेड, आणि मधोमध चंद्र.

सासूबाई खुशीत होत्या. त्यांनी माझा दंड धरला आणि म्हणाल्या, "बघ, आहे का एक तरी तारा? मलाही दिसत नाही, यांनाही दिसत नाही. कुणालाच दिसत नाहीत. तुलाच दिसत नाहीत असं काही नाही."

मी चालायची थांबले. "तुलाच" का म्हणाल्या या?

सासरे त्यांना उंटाजवळ फोटो काढायला घेऊन गेले आणि मी नवऱ्याकडे वळले. "आईंना सांगितलंस?"

त्यानं आधी चंद्राकडे बघितलं, मग बुटांकडे. "त्याच दिवशी सांगितलेलं," तो म्हणाला. "मला नाही गं जमलं. रात्री पाणी प्यायला उठलेलो, ती जागी होती, मी रडलो तिच्यासमोर."

"आणि दाराचं लॉक?"

"चाईल्ड लॉक आहे. तू बाजूला न बघता दार उघडतेस, त्या दिवशी एक बाइकवाला थोडक्यात वाचला. मी काय करणार?"

"आणि पौर्णिमा?"

त्यानं उंटाजवळ उभ्या असलेल्या आईकडे बघितलं. बाकी मला आपोआप उलगडत गेलं. ट्यूब, टीपॉय, चपला, भाजीची पिशवी. अंधार असता तर मला कळलं असतं की माझं काय गेलंय. म्हणून या बाईनं आयुष्यात पहिल्यांदा अमावस्या पाळली. सगळ्यांनाच दिसणार नाही अशी रात्र शोधली, आणि दोन दिवस गाडीत पाय आखडून मला तिथे घेऊन आली, मी दुखावले जाऊ नये म्हणून.

मी आयुष्यात इतकी चिडले नव्हते. ओरडावं तर समोर गरबा चाललेला. प्रेमावर ओरडायचं तरी कसं? शत्रूनं कोंडलं तर माणूस दार फोडतो. इथे दारापलीकडे माझ्या काळजीनं झोप उडालेली म्हातारी उभी होती. डोळ्यांचं जे होणार होतं त्याला माझा इलाज नव्हता. पण त्याची बातमी माझी होती, आणि तीसुद्धा या लोकांनी माझ्याआधी वाटून घेतली होती. मी तंबूत जाऊन पांघरूण डोक्यावरून घेतलं.

दुसरा दिवस मी कुणाशी बोलले नाही. सासूबाईंना कळलं होतं की मला कळलंय. त्या माझ्या पुढ्यात खाकरा ठेवायच्या, चटणी ठेवायच्या, आणि काही न बोलता उठून जायच्या. मीही खायचे, कारण भूक लागायची. सासरे बिचारे हवामानावर बोलत राहिले.

तिसऱ्या दिवशी जुन्या काळच्या नगराचे अवशेष बघायला गेलो. परतताना रस्ता रणाच्या मधोमध जातो, दोन्हीकडे मीठच मीठ. डाव्या हाताला सूर्य गेला. मी गप्प बसून हिशेब करत होते. पौर्णिमेनंतर चंद्र रोज उशिरा उगवतो. आज तो उगवायच्या आधी, संधिप्रकाश विझल्यावर, थोडा वेळ खरा अंधार असणार. फार नाही, पण मला पुरेल एवढा. उद्या आम्ही अहमदाबादला असणार, परवा डोंबिवलीला.

काचेबाहेरचं मीठ राखाडी झालं, मग दिसेनासं झालं.

"गाडी थांबव," मी म्हटलं.

"इथे?" नवऱ्यानं विचारलं. "अंधार पडलाय गं. तंबूवर गेल्यावर बघू ना."

"तिन्हीसांजेला कुठे उतरता," सासरे म्हणाले. "पुढे चहाची टपरी लागेल."

"चंद्र यायच्या आत थांबव. मला बघायचंय."

तो थांबवेना. आरशातून तो मागे बघत होता, पण माझ्याकडे नव्हे. माझा हात दाराच्या कडीवर होता, आणि ते दार उघडणार नाही हे मला पक्कं माहीत होतं. पन्नाशीला आलेली बाई मी, दहावीच्या वर्गाला गप्प बसवणारी, आणि गाडीतून उतरायला मला या तिघांची मतं हवी होती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी ते पुसलं नाही.

मग सासूबाई म्हणाल्या, "थांबव रे."

"आई, अगं पण..."

"थांबव म्हणते ना."

गाडी कडेला घेतली. सासूबाई त्यांच्या बाजूनं उतरल्या, हातानं गाडीचा आधार घेत मागून वळसा घालून आल्या, आणि त्यांनी माझं दार उघडलं. मी उतरल्यावर त्यांनी दोन्ही हातांनी माझा दंड पकडला.

"दिवे बंद कर," मी नवऱ्याला सांगितलं. "सगळे. मोबाईलही."

इंजिन बंद झालं. मग वाराच तेवढा ऐकू यायला लागला.

मी मान वर केली. काळं होतं. डोळ्यांना सवय होऊ दे, असं मुलांना सांगते तसं मी स्वतःला सांगितलं आणि वाट बघितली. मग खाली, सूर्य गेला त्या बाजूला, एक ठळक ठिपका दिसला. मान हळूहळू वळवत मी सगळं आभाळ चाळून काढलं. पार डोक्यावर आणखी एक, तोही रोखून बघितला तर असायचा, नाही तर जायचा. बाकी काही नाही. दोन. मला वाटलं होतं मी कोसळेन. पण कळल्यावर उलट पायाखालची जमीन घट्ट झाली. माझे दोन राहिले होते. ते माझे मी बघितले होते, कुणी सांगितले नव्हते.

मग मला जाणवलं की कुणी काही बोलत नाहीये. आमच्या घरातली माणसं साधा इंद्रधनुष्याचा तुकडा दिसला तर शेजाऱ्यांना हाका मारतात. आणि इथे "वा" नाही, "बापरे" नाही, नवऱ्याचं "काय भारी आहे यार" नाही. सासऱ्यांनी हळूच विचारलं, "थंडी वाजतेय का तुला?" आणि तो आवाज सरळ माझ्या तोंडावर आला. नवऱ्याचा श्वासही समोरूनच ऐकू येत होता. वाळवंटाच्या मधोमध, आयुष्यात पुन्हा मिळणार नाही अशा आभाळाखाली, ही तिन्ही माणसं माझा चेहरा बघत उभी होती.

"माझ्याकडे काय बघताय?" मी ओरडले. खरंच ओरडले, त्या मोकळ्या मिठावर आवाज लांबवर गेला. "वर बघा ना! मला दोन दिसले. तुम्हाला दिसतात तर बघा ना वर, नाही तर कशाला आलो आपण इथे?"

कपड्यांची सळसळ झाली. माना वर झाल्या असणार.

"अगं बाई!" सासूबाई म्हणाल्या.

इतके महिने त्या माझ्याशी जे जे बोलल्या, त्यात ठरवून न बोललेलं हे पहिलंच होतं. एखाद्या लहान मुलीसारखा आवाज होता तो. आणि लगेच त्यांचा एक हात माझ्या दंडावरून सुटला, बांगड्या वाजल्या, आणि पुढचे शब्द हाताखाली दाबले गेले.

मी चाचपडत त्यांचं मनगट धरलं आणि तो हात तोंडावरून खाली घेतला.

"सांगा आई," मी म्हटलं. "कुठून कुठपर्यंत आहेत?"